मामाच्या हातचा विडा

आमच्या पासिया केताक गावात मार्तियासचे घर विचारले तर समोरचा आधी "कोणता मार्तियास?" असे विचारतो. माकडवाला म्हटले की समुद्राकडे हात करतो. नारळाच्या बागेच्या टोकाला पत्र्याचे छप्पर आणि दारात लांब दोरीला बांधलेली माकडे दिसली की ते घर त्याचे.

माझ्या बायकोचा, यार्निसचा, तो थोरला भाऊ. वयाने माझ्याहून लहान, पण तिचा थोरला म्हणून मीही त्याला अजो, म्हणजे दादा, म्हणतो. तो मला नावाने हाक मारत नाही. लग्न करून बायकोच्या घरी राहायला आलेल्या पुरुषाला या किनाऱ्यावर त्याच्या बापाकडून आलेल्या किताबाने बोलावतात. माझा किताब बागिंदो. गेली कित्येक वर्षे या घरात पहिला चहा मला मिळतो, बसायची चांगली खुर्ची मला मिळते आणि निर्णय अजो घेतो. तक्रार नाही, रीतच तशी आहे. मुलीचा बाप, तिचा अपा, मी, पण तिला कोणत्या गुरूच्या हाती द्यायचे हे मामाने ठरवायचे आणि मामानेच नेऊन द्यायचे.

अजो माकडांना नारळ उतरवायला शिकवतो. माकडाला झाडावर चढवणे अवघड नाही, ते चढणारच. पिकलेला नारळ कोणता, शहाळे कोणते, देठ पिळून नारळ कसा तोडायचा आणि खाली माणूस उभा असेल तर थांबायचे, हे शिकवावे लागते. अजो आधी नारळ जमिनीपासून हातभर उंचीवर टांगतो, माकडाच्या मागे बसतो, त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतो आणि नारळ फिरवतो. दिवसभर फिरवतो. माकड चावले तर शिव्या देतो, हात उगारत नाही. शिकून तयार झालेले माकड मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसवून तो बागाबागांतून हिंडतो. सध्याच्या माकडाचे नाव राजो. वळणावर राजो आपण होऊन वळणाच्या बाजूला झुकतो. गावातली पोरे त्याला सलाम करतात आणि अजोला करत नाहीत, यावरून अजो कधी चिडला नाही.

तो चिडायचा तो नस्रिलवर.

नस्रिल आणि अजो एकाच गुरूकडे, एकाच अंगणात सिलेक शिकले. सिलेक म्हणजे आमच्याकडची लढण्याची विद्या. पाय जमिनीवर मांजरासारखा टाकायचा आणि दुसऱ्याचा जोर त्याच्याच अंगावर फिरवायचा. अजो आधी आलेला, नस्रिल मागाहून. अजोचा पाय हलका, डोळा तेज. शिकवण्याची परवानगी आपल्यालाच मिळणार असे त्याने धरून ठेवले होते आणि गावानेही. म्हातारे गुरू आजारी पडले तेव्हा त्यांनी सगळ्यांना बोलावले आणि परवानगी नस्रिलला दिली. कारण सांगितले नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते वारले आणि कारण त्यांच्याबरोबर गेले.

त्या दिवसापासून अजोने त्या अंगणात पाय ठेवला नाही. बाजाराला जाताना तो नस्रिलच्या घरावरून जाणारा जवळचा रस्ता सोडून तळ्याच्या कडेने जायचा. चहाच्या टपरीवर नस्रिलच्या शिष्यांचा फोटो लागला तेव्हा त्याने टपरी बदलली. एकदा त्याच्याकडे शिकायला आलेले एक माकड पिकलेले सोडून कोवळी शहाळीच तोडून टाकायचे. अजोने त्याचे नाव नस्रिल ठेवले. सकाळी बागेतून मोठ्याने हाक यायची, "ए नस्रिल, गाढवा, ते नको, ते कच्चं आहे!" ही गोष्ट खऱ्या नस्रिलला कळली. तो म्हणाला म्हणे, "कच्चं कळतंय ना मार्तियासला? मग शिकेल ते माकड." हे ऐकून अजो दोन दिवस नीट जेवला नाही.

नस्रिलच्या अंगणातही नारळाची झाडे आहेत. तो नारळ उतरवायला शेजारच्या गावचा माकडवाला बोलवायचा. त्यावरही अजोचे म्हणणे होतेच. "मला बोलवायला जीभ झडते का त्याची?"

मी विचारले, "अजो, बोलावलं तर जाल?"

"मी? त्याच्या दारात? बागिंदो, तुम्ही पण काय!"

माझी मुलगी रेस्ती लहान असताना अजो संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणात, खोबरे वाळवायच्या फरशीवर, एकटाच पाय टाकत असे. ती मागे उभी राहून नक्कल करायची. परवानगी नसलेल्याने शिकवायचे नाही, हा नियम अजोने कधी मोडला नाही. तो तिला एक शब्द सांगायचा नाही, तिच्या पायाला हात लावायचा नाही. पण तिचा पाय चुकला की खोकायचा. ती थांबायची, पाय बदलायची. बरोबर आला की खोकला बंद. मी ओसरीवरून बघायचो. मुलगी माझी, पण ती वळून बघायची ती त्याच्याकडे.

रेस्ती पादांगला शिकून परत आली आणि भातगिरणीत हिशेबाला लागली. दिवसभर बसून पाठ धरते म्हणाली, आणि एके दिवशी जेवताना जाहीर केले, "मला सिलेक शिकायचंय. नीट, गुरूकडे."

यार्निस म्हणाली, "मामाला सांग."

अजो समोरच बसला होता. माशाचा काटा काढता काढता त्याचा चेहरा खुलला. "मी शोधतो," तो म्हणाला. "चांगला गुरू शोधणं म्हणजे चेष्टा नाही. आजकाल कुणीही काळे कपडे घालतो आणि गुरू होतो."

"नस्रिल गुरूंकडे मुलींचा वर्ग आहे, रविवारी सकाळी," रेस्ती म्हणाली.

काटा अजोच्या बोटात गेला. "त्याच्याकडे गर्दी फार," तो म्हणाला.

पहिल्यांदा तो तिला एका बाबाकडे घेऊन गेला, जो मंतरलेला दोरा बांधला की सुरी अंगात शिरत नाही असे सांगत होता. अजोने खिशातली सुरी काढून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "आधी तुम्ही दाखवा." तिथून ते लवकर परतले. एवढ्यापुरते मला बरे वाटले.

मग त्याने पारियामान शहरातली एक शाळा शोधली. दुकानांच्या वरच्या मजल्यावर मोठी खोली, भिंतभर आरसे, कपाटभर चषक. मी तिथल्याच बँकेत नोकरीला, त्याच वेळी सुटत असल्याने मलाही बरोबर घेतले. तिथला मास्तर तरुण, बोलायला गोड. अजोचे नाव ऐकताच त्याने दोन्ही हात जोडले. "तुम्ही त्या जुन्या गुरूंचे शिष्य? आमच्यासारख्यांनी तुमच्याकडून शिकायला हवं!" इतक्या वर्षांत हे वाक्य अजोला कुणी म्हटले नव्हते. तो खुर्चीत ताठ झाला.

"वर्ग चालू असताना घरचे बसून बघू शकतात का?" मी विचारले.

"मुलांचं लक्ष विचलित होतं," मास्तर म्हणाला. "आज आलाच आहात तर बघा थोडं."

आम्ही थोडे बघितले. एका कोपऱ्यात मनगटाला पट्टी बांधलेली एक मुलगी होती. तिचा जोडीदार तिला त्याच हाताने खेचून पाडत होता. ती कळवळली. मास्तर हसून म्हणाला, "रडायचं असेल तर घरी." बाकीची मुलेही हसली. मी अजोकडे पाहिले. त्याचा डावा हात आपोआप उजव्या मनगटावर गेला होता आणि त्याने ते घट्ट धरले होते. त्याला दिसले होते. माझ्याहून जास्त दिसले होते.

खाली रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "चांगली आहे शाळा."

"मामा, त्या मुलीचं मनगट?" रेस्तीने विचारले.

"कसलं मनगट? सुरुवातीला लागतंच."

"तुम्ही हात धरला होता तुमचा."

"मला खाज आली होती," अजो म्हणाला आणि मोटारसायकल सुरू करायला लागला. राजो मागच्या सीटवरून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

मी बोलायला हवे होते म्हणाल, तर मी घरी बोललो. यार्निसने ऐकले आणि म्हणाली, "अजोने ठरवलंय ना, मग बघू दे." रेस्तीही मामाचा शब्द मोडायला तयार नव्हती. अजोने रीतीप्रमाणे ताटात विडा आणि कापड घेऊन तिला त्या गोड मास्तरच्या हाती दिले. मास्तरने ताट मेजावर ठेवले आणि प्रवेशाची पावती फाडली. ताट तसेच परत आले.

महिना झाला नसेल. रेस्ती एक दिवस डाव्या हाताने जेवायला बसली. आमच्यात डाव्या हाताने कोणी जेवत नाही, त्यामुळे यार्निसने लगेच उजवा हात ओढून पाहिला. मनगट सुजून टम्म झाले होते.

"कधी लागलं?"

"मंगळवारी. गुरुवारी परत त्याच हाताला पाडलं. मी सांगितलं, दुखतंय. ते म्हणाले..."

"रडायचं असेल तर घरी," मी म्हणालो.

अजो दारात उभा होता. त्याने सुजलेले मनगट पाहिले आणि तसाच निघून गेला. त्या संध्याकाळी तो फरशीवर आला नाही. रेस्तीने त्या शाळेत जाणे बंद केले, पण सिलेकचे खूळ काही गेले नाही. अजो मात्र तो विषय निघाला की माकडाला पाणी द्यायला उठायचा.

आता मी जे केले ते रीतीला सोडून होते, हे मला करतानाच माहीत होते. पुढच्या शुक्रवारी, नमाजानंतर, मी स्वतः ताट तयार केले: विडा, पांढरे कापड, तांदूळ, सुरी. कोंबडा बाजारातून घेतला. यार्निसने विचारले, "अजोला विचारलंत?"

"त्याला विचारलं तर तो माकडाला पाणी देईल," मी म्हणालो.

इतक्या वर्षांत एकदा, एकाच गोष्टीत, माझ्या मुलीला मी कुणाच्या तरी हाती द्यावे असे मला वाटले. मी पांढरा सदरा घातला आणि रेस्तीला घेऊन नस्रिलच्या घरी गेलो.

नस्रिल अंगणात बसून दोरी वळत होता. मोठाड माणूस, केस पांढरे, आवाज बारीक. त्याने मला बसवले, कॉफी मागवली. ताटाकडे पाहिले, पण हात लावला नाही. आधी रेस्तीचा हात मागितला. मनगट हळूच फिरवून पाहिले, कुठे दुखते ते विचारले, तिने सांगितल्यावर तिथे परत हात लावला नाही. पानांचा लेप आणून बांधला.

"हा हात बरा होईपर्यंत माझ्या अंगणात फक्त बसायचं. बघायचं," तो म्हणाला. "घरचं कुणीही येऊन बसलं तरी चालेल, कधीही."

मला एवढेच ऐकायचे होते. मी ताट पुढे सरकवले.

"बागिंदो," नस्रिल म्हणाला, "तुम्ही माझ्या दारी आलात, हा माझा मान. पण हा विडा मी तुमच्या हातून कसा घेऊ? हिला मामा आहे. दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याने आणायला हवा."

"तो यायचा नाही," मी म्हणालो. "का, ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. एका माकडाचं नाव नस्रिल आहे, तेही माहीत आहे." तो हसला. "तरी त्यानेच आणायला हवा. नाहीतर पोरगी इथे शिकेल आणि घरी तिच्या मामाचं तोंड बघायची चोरी होईल. असं शिकून काय करायचं?"

ताट घेऊन मी परत आलो. कोंबडा वाटभर ओरडत होता, त्यामुळे कुठून परत आलो हे कुणाला विचारावे लागले नाही.

अंधार पडायच्या आत अजो आमच्या ओसरीवर हजर. "बागिंदो, मी मेलो होतो का?"

"अजो, बसा."

"बसतो कशाला? माझ्या भाचीचं ताट तुम्ही नेलंत! आणि त्या नस्रिलनं काय केलं? परत पाठवलं! का पाठवलं? गावाला दाखवायला, बघा, मी किती रीतीचा माणूस! मार्तियास आला नाही तरी मी त्याचा मान राखतो! गुरूंच्या आजारपणातही तो असंच करायचा. पाणी आण, पाय चेप, उशी सरळ कर. मी रोज आखाड्यात घाम गाळत होतो आणि हा उशी सरळ करत होता!"

"अजो, पुरे," यार्निस आतून म्हणाली.

"पुरे काय? त्याला ताट घ्यायचं होतं तर घ्यायचं ना! घेतलं असतं तर मी म्हणालो असतो, बघा, कसा हावरट आहे. आता मी काय म्हणू?"

हे तो इतक्या मनापासून म्हणाला की यार्निसला हसू आले. त्याने तो आणखी भडकला. "हसा! बहीण हसते, मेव्हणा माझ्या पाठीमागे ताट नेतो, आता राजोपण हसेल!"

रेस्ती बाहेर आली. पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"मामा, एकच विचारते. तुम्ही खरं सांगायचं."

"काय?"

"नस्रिल गुरू शिकवतात ते चांगलं की वाईट?"

 समुद्राचा आवाज येत होता आणि माझ्या कोंबड्याचा.

"चांगलं शिकवतो," तो शेवटी म्हणाला.

"लागू देतात का कुणाला?"

"नाही. त्याच्या अंगणात कुणाचं हाड मोडलेलं मी ऐकलं नाही."

"मग तिथे का नाही?"

"म्हणूनच तर!" अजो ओरडला. "वाईट असता तर मी तुला हसत नेऊन सोडलं असतं आणि महिन्यात परत आणलं असतं!" आणि मग एकदम हळू आवाजात, "तिथे गेलीस की तू त्याची होशील. मग माझ्याकडे काय राहिलं? माकडं?"

 रेस्तीने पट्टीचा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "हा हात तुम्ही नेऊन दिलात तिथे असा झाला, मामा," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतेच म्हणाली.

अजो उठला आणि गेला. माझा कोंबडा मात्र जाताना बगलेत मारून घेऊन गेला. यार्निस म्हणाली, "गेला कोंबडा." मला वाटले ताटही गेले.

रविवारी सकाळी तो आला तो नवीन काळा सदरा घालून. हातात ताट. आमचे नव्हे, त्याने स्वतः तयार केलेले. विड्याची पाने एकसारखी, कापड इस्त्री केलेले, सुरीला नवी मूठ. कोंबडा त्याचा स्वतःचा, तुरेवाला, लाल. "बागिंदोंचा कोंबडा लंगडत होता," तो यार्निसला म्हणाला. "असला कोंबडा देऊन माझ्या भाचीची किंमत कमी करायची होती का?" तो लंगडत नव्हता. पण मी काही बोललो नाही. ताट निघाले होते.

आम्ही तिघे आणि मोटारसायकलवर राजो असे गेलो. जवळच्या रस्त्याने. नस्रिलच्या अंगणात मुली ओळीने बसल्या होत्या. नस्रिलने अजोला पाहिले आणि उठून उभा राहिला.

"आलास," तो म्हणाला.

"भाचीसाठी आलोय," अजो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही."

"ते कळलं. आधी सलामी घ्यायची?"

जुना शिष्य अंगणात परत आला की ताट देण्याआधी गुरुभावासमोर उभे राहून काही पाय टाकायचे, हात लावल्यासारखे करायचे, लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. दोघे समोरासमोर आले. इतक्या वर्षांनी. अजोच्या पायाखालची माती हललीसुद्धा नाही, इतका हलका पाय. मुली बघत राहिल्या. मलाच अभिमान वाटला, खोटे कशाला बोलू.

आणि मग अजोने हात खरोखर मारला. बघणाऱ्याला कळावे असा खरा, गळ्याच्या खाली, इतक्या वर्षांचा साठलेला. यार्निस घरी होती म्हणून बरे, नाहीतर किंचाळली असती.

नस्रिल बाजूला सरला, अजोचा जोर पुढे गेला, पाय सुटला आणि अजो मागे कोसळला. डोके दगडी पायरीवर आपटणार होते. आपटले नाही. नस्रिलचा तळहात मध्ये होता. पायरीवर त्याच्या हाताची मागची बाजू खरचटली आणि रक्त आले. झोपलेल्याला ठेवावे तसे त्याने अजोला हळू खाली ठेवले.

 राजो मोटारसायकलवरून उतरला आणि अजोजवळ येऊन बसला.

अजो बराच वेळ आकाशाकडे बघत होता. मग उठला, सदरा झटकला, ताट उचलले आणि नस्रिलच्या पुढे धरले. "कोंबडा बघून घे," तो म्हणाला. "चांगला आहे. आणि हिचं उजवं मनगट अजून कच्चं आहे, उगाच घाई करू नको."

नस्रिलने रक्त लागलेल्या हाताने नाही, दुसऱ्या हाताने, आणि मग दोन्ही हातांनी ताट घेतले. "तुझ्या हातून घेतलं," तो म्हणाला. रीतीचे बोल होते, पण त्याचा आवाज आणखी बारीक झाला होता. अजोने रेस्तीचा हात धरून त्याच्या हातात दिला. तेवढे मला नीट बघवले नाही. मी कोंबड्याकडे बघत राहिलो.

परत येताना अजो माझ्याबरोबर पायी चालत होता. मोटारसायकल ढकलत.

"पाहिलंत ना, बागिंदो? मेल्यानं डोक्याखाली हात घातला. मला नीट पडूसुद्धा दिलं नाही! आपटलो असतो तर गाव म्हणालं असतं, नस्रिलनं मार्तियासला पाडलं. आता काय म्हणणार? नस्रिलनं वाचवलं! आयुष्यभर ऐकायचं हे!"

"अजो," मी म्हणालो, "हात आपोआप गेला त्याचा. विचार करायला वेळच नव्हता."

तो थांबला. "तेच तर," तो म्हणाला. "माझा गेला नसता." मग मोटारसायकल पुढे ढकलू लागला.

रेस्तीचे मनगट बरे झाले आणि ती रविवारी शिकायला लागली. अजो जवळच्या रस्त्याने जातो, पण अंगणात शिरत नाही. बाहेर मोटारसायकल थांबवून राजोला शेंगदाणे देतो आणि आतले बघतो. कुणी टपरीवर नस्रिलला नावे ठेवली तर म्हणतो, "तुला काय कळतं त्यातलं?" आणि घरी आल्यावर स्वतः नावे ठेवतो. आता नस्रिलच्या झाडांचे नारळ राजोच उतरवतो. अजोच्या म्हणण्याप्रमाणे, तो नस्रिलकडे गेला नाही, राजो गेला.

संध्याकाळी रेस्ती मागच्या फरशीवर रविवारचे पाय गिरवते. अजो राजोच्या दोरीची गाठ सोडत, बांधत बसतो. शिकवायची परवानगी त्याला आजही नाही आणि तो एक शब्द सांगत नाही. पण खोकतो.

मागच्या महिन्यात रेस्ती आली आणि हसत सांगू लागली, "मामा, गुरूंनी आज मला थांबवलं. म्हणाले, हा डावा पाय मी शिकवला नाही, घरी कोण शिकवतं?"

अजो लाल झाला. "तू काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं, मामा नुसते खोकतात. ते म्हणाले, म्हाताऱ्या गुरूंचा पाय होता हा, माझ्याकडून निसटला होता. मामाला सांग, बाहेर शेंगदाणे खात बसण्यापेक्षा आत येऊन खोकत जा."

अजोने राजोची दोरी तीनदा उगाच बांधली. "त्याला हवं तेव्हा बोलावणार," तो म्हणाला. "मी काय त्याचा नोकर आहे?" पण दुसऱ्या दिवशी त्याने काळा सदरा धुवायला टाकला, हे यार्निसने मला दाखवले.

त्या संध्याकाळी अजो बागेत अडकला होता आणि रेस्ती एकटीच फरशीवर पाय टाकत होती. मी ओसरीवर बसून बघत होतो. एवढी वर्षे बघतोय, मलाही थोडे कळते. तिचा उजवा पाय मला जरा वाकडा वाटला. मी घसा साफ केला आणि खोकलो.

रेस्ती थांबली नाही. पाय पुढे टाकता टाकता म्हणाली, "अपा, आत पाणी झाकून ठेवलंय, घ्या."